आणीबाणीत आधी कुठली लाइन जोडायची? ठाणे-नवी मुंबईपुरता क्रम ठरवूया

विटावा_गेट:

७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावात ठाणे आणि उरण दोन्ही होते. भोंगे वाजले, दिवे मालवले, लोक बाहेर काढले. तुटलेल्या दूरसंचार लाइनी कुठल्या क्रमाने जोडायच्या हा प्रश्न मात्र चर्चेत कुठेच आला नाही. त्यासाठी हा धागा. सोबत एक काल्पनिक प्रसंग देतो, म्हणजे वाद हवेत राहणार नाही.

युद्धजन्य परिस्थिती आहे. महामुंबईची वीज गेली आहे. ऐरोली पूल आणि कळव्याचा पूल या दोन्हींवरच्या फायबर केबल तुटल्या आहेत. हाताशी स्प्लायसिंगच्या (तुटलेलं फायबर जोडणाऱ्या) तीन टीम, दोनशे लिटर डिझेल आणि एक टेम्पो. सुरुवात कुठून?

माझी भूमिका अशी की अग्रक्रम कार्यालयाला द्यायचा नाही, सर्किटला, म्हणजे दोन टोकांमधल्या एकेका लाइनीला, द्यायचा. 'जिल्हाधिकारी कार्यालय पहिलं' याला जमिनीवर काही अर्थ नाही, कारण त्या इमारतीत चाळीस लाइनी असतात आणि त्यातल्या पस्तीस दोन दिवस बंद राहिल्या तरी कुणाचं काही अडत नाही. प्रत्येक सर्किटला तीन प्रश्न विचारायचे. बंद राहिलं तर काय थांबतं आणि किती वेळात? तेच काम दुसऱ्या मार्गाने होतं का, वायरलेसवर किंवा माणूस पाठवून? जोडायला किती तास लागतील?

अमेरिकेत हे १९८८ पासून नियमाने चालतं. सर्किटला १ ते ५ मधला पुनर्स्थापनेचा स्तर मिळतो आणि तो कोड कंपनीच्या नोंदीत त्या सर्किटला चिकटलेला असतो. देशाचं नेतृत्व, हल्ल्याचा इशारा, सार्वजनिक आरोग्य आणि कायदा-सुव्यवस्था, मग अर्थव्यवहार, अशी ढोबळ वर्गवारी आहे. मेख अशी की स्तर लाइन तुटण्याआधी घेऊन ठेवावा लागतो. तुटल्यावर फोन करून रांगेत पुढे घुसता येत नाही.

आपल्याकडे दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम २० नुसार सार्वजनिक आणीबाणीत सरकार नेटवर्क तात्पुरतं ताब्यात घेऊ शकतं आणि बचावकार्यातल्या अधिकृत लोकांचे संदेश आधी पोचवण्याची व्यवस्था लावू शकतं. हे झालं आधी पोचवण्याचं. आधी जोडण्याची यादी प्रत्येक शहराला स्वतः करावी लागेल.

माझा कच्चा क्रम:
१. वीज भारप्रेषण केंद्र (कुठून किती वीज कुठे सोडायची ते ठरवणारं) ते उपकेंद्रं, आणि दूरसंचार कंपन्यांचे स्वतःचे कोर (नेटवर्कचं मुख्य केंद्र) व नियंत्रण कक्षाचे दुवे
२. आपत्कालीन क्रमांक ११२ चं महापे केंद्र, पोलीस आणि अग्निशमन नियंत्रण कक्ष, प्रत्येक मोठ्या रुग्णालयाची एक लाइन
३. पाणी, पंपिंग, इंधन डेपो, रेल्वे
४. बँका, डेटा सेंटर, बाकी सरकारी कार्यालयं
५. उरलेलं सगळं

फोडा आता.

कोर्टनाका:

रुग्णालय दुसऱ्या स्तरावर आणि मोबाइल कंपनीचा नियंत्रण कक्ष पहिल्यावर? लोकांना हे कसं पटवणार?

विटावा_गेट:

ताई, पटायला अवघड आहे, मान्य. पण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची लाइन ज्या केबलमधून जाते, ती कुठे तुटली हे ज्या पडद्यावर दिसतं तो पडदाच काळा असेल तर टीम पाठवायची कुठे? नियंत्रण कक्षाचा दुवा पहिला, तो बाकीचे दुवे सापडावेत म्हणून. त्यांच्या ग्राहक सेवा केंद्राच्या लाइनी पाचव्याच स्तरावर.

शिवाय रुग्णालयाला फोन नेमका कशासाठी लागतो ते पाहा. रक्तपेढी, ऑक्सिजनचा टँकर, जनरेटरचं डिझेल, रुग्णवाहिकांना खाटांची माहिती. याला एक खात्रीची लाइन पुरते, ती अपघात विभागात हवी आणि तिचा नंबर छापील यादीत हवा. उरलेला तीस चॅनलचा पीआरआय (एकाच वेळी तीस कॉल चालणारी लाइन) नंतर आला तरी चालेल.

ऐरोली_२२०:

पहिल्या स्तराबद्दल थोडं सविस्तर. राज्याचं भारप्रेषण केंद्र ऐरोलीतच आहे, ठाणे-बेलापूर रस्त्यावर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा ४०० केव्ही मार्गातल्या बिघाडांनंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. अशा वेळी वीज परत आणणं म्हणजे एक बटण दाबणं नव्हे. आधी बाहेरच्या विजेशिवाय सुरू होणारे संच, बहुतेक जलविद्युत, चालू करायचे. मग एकेक वाहिनी चार्ज करायची आणि तिच्यावर मोजूनमापून भार टाकायचा. भार जास्त पडला की वारंवारिता कोसळते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक पायरीला केंद्र आणि उपकेंद्रातला ऑपरेटर यांचं बोलणं व्हावंच लागतं. तो आवाज गेला तर स्काडाचा (दुरून उपकरणं बघायच्या-चालवायच्या यंत्रणेचा) पडदा हिरवा असला तरी ब्रेकर लावायचं धाडस कुणी करत नाही, करूही नये.

या कामाला तीन मार्ग असतात: टॉवरच्या माथ्यावरच्या भूतारेतलं (अर्थ वायरमधलं) फायबर, वीजवाहिनीवरूनच ४० ते ५०० किलोहर्ट्झवर जाणारं पीएलसीसी, आणि उपग्रह किंवा व्हीएचएफ वायरलेस. पीएलसीसी आता जुनाट म्हणून काढायची घाई दिसते, पण वाहिनीत वीज नसतानाही ते चालतं. फक्त तार अखंड हवी आणि वेव्ह ट्रॅपच्या (पीएलसीसीचा सिग्नल उपकेंद्रात शिरू न देणाऱ्या कॉइलच्या) लाइनकडच्या बाजूला कुणी अर्थिंग दिलेलं नको. दुरुस्तीच्या गडबडीत नेमकं हेच होतं: सुरक्षेसाठी अर्थिंग लावलं जातं आणि पलीकडच्या उपकेंद्राचा आवाज गायब. परमिटवर 'पीएलसीसी बंद होईल' असा रकाना असावा.

दुसरी अडचण ४८ व्होल्टच्या बॅटरीची. संरक्षण रिले ११० किंवा २२० व्होल्ट डीसीवर चालतात, त्या बॅटऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. संपर्काच्या ४८ व्होल्टच्या बॅटरी बँककडे नसतं.

आणि उलटी बाजूही लिहून ठेवा. कंपन्यांनी त्यांच्या हब साइटचे (ज्यांच्यावरून बाकीचे टॉवर जोडलेले असतात त्यांचे) बारा आकडी ग्राहक क्रमांक, फीडरचं नाव आणि उपकेंद्र वीज वितरणाला आधीच द्यायला हवं. ठाणे, वाशी महावितरणच्या भांडुप परिमंडळात. कळवा, मुंब्रा, शीळ टोरंटकडे. 'आमचे सगळे टॉवर महत्त्वाचे' अशी पंधराशे ओळींची यादी दिली तर ती कुणी उघडतही नाही. तीस ओळींची द्या.

डिझेलवाला_टेम्पो:

दोनशे लिटरचा हिशोब मी मांडतो.

तीन-चार कंपन्यांची सामायिक टॉवर साइट धरली तर भार साधारण ३ किलोवॉट. ४८ व्होल्टला ६२ अँपिअर. ६०० एएचची (अँपिअर-तास) नवी व्हीआरएलए बँक (सीलबंद बॅटऱ्यांचा संच) ८० टक्के वापरली तर सात-साडेसात तास. पण पत्र्याच्या शेल्टरमध्ये तापून तीन वर्षं काढलेली बँक निम्म्यावर येते, म्हणून कागदावर आठ तास दिसले तर चारच धरा. ४३.२ व्होल्टला एलव्हीडी, म्हणजे बॅटरी फार उतरू न देणारा स्विच, भार तोडतं. काही महाभाग आणीबाणीत ते बायपास करतात. त्या रात्री दोन तास मिळतात आणि बँक कायमची जाते, मग दुसऱ्या दिवशी जनरेटर थांबला की साइट त्याच क्षणी बंद.

१५ केव्हीएचा जनरेटर सतत चालवू नका. ३ किलोवॉटवर तो भुकेल्यासारखा डिझेल पितो आणि हातात काही पडत नाही. भार अधिक चार्जिंग मिळून साडेसहा किलोवॉटला चालवला तर तासाला अंदाजे अडीच लिटर. वीस लिटरच्या कॅनमध्ये आठ तास जनरेटर, तोवर बँक भरते, पुढचे पाच-सहा तास बँकेवर. म्हणजे एका कॅनमध्ये तेरा-चौदा तास. रेक्टिफायर मोड्यूल (एसीचं डीसी करणारी) पुरेशी आहेत का ते आधी बघा. चारपैकी दोन बंद असतील तर भार भागवून चार्जिंगला करंटच उरत नाही, आणि जनरेटर बंद केल्यावर कळतं की बँक रिकामीच आहे.

दोनशे लिटरमध्ये दहा साइट. कुठल्या दहा? ज्यांच्यावरून मायक्रोवेव्हने दहा-पंधरा साइट पुढे जातात त्या. टोकाच्या साइटला डिझेल ओतून हब बंद असेल तर टॉवर उभा, रेंजचे दांडे पूर्ण, आणि फोन एकही लागत नाही. लोक तेव्हा जास्त चिडतात.

पेट्रोल पंपाच्या नोझलला वीज लागते हेही विसरू नका. जनरेटर असलेला पंप यादीत नावानिशी हवा.

सेक्टर_सतरा:

यात सिंकची, म्हणजे साइटांची घड्याळं जुळवण्याची, भर. ५जी टीडीडीला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं) प्रत्येक साइटची वेळ प्रमाण वेळेशी दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागते. फायबरवरून येणारं घड्याळ गेलं आणि जीपीएसचा अँटेना नसला तर काही तासांत साइट सरकते आणि शेजारच्या चांगल्या साइटला त्रास देऊ लागते. म्हणून अर्धवट जोडलेल्या भागात टीडीडी बंद ठेवून फक्त एफडीडी (पाठवायला आणि घ्यायला वेगळ्या फ्रिक्वेन्सी) ४जी चालवावं. डेटाचा वेग पडेल, आवाज राहील.

आणि सगळ्या साइट एकदम उठवू नका. लाखभर फोन एकाच मिनिटात नोंदणी मागतात आणि कोर लोळतो. प्रत्येक सिमला नेटवर्कमध्ये शिरण्याचा एक गट दिलेला असतो, त्यातले ० ते ९ हे साधे अ‍ॅक्सेस क्लास पाळीपाळीने अडवायचे. ११ ते १५ मोकळे ठेवायचे, त्यातले १२, १३, १४ सुरक्षा यंत्रणा, सार्वजनिक सेवा आणि आपत्कालीन सेवा यांच्यासाठी आहेत. पण क्लास सिममध्ये लिहिलेला असतो. सिम आधी बदलून दिलं नसेल तर आपत्तीच्या दिवशी अग्निशमन अधिकाऱ्याचा फोन आणि माझा फोन यात नेटवर्कला काहीही फरक दिसत नाही.

कोर्टनाका:

आणि ती सिम वाटायला निघाले की यादीत पहिली नावं कुणाची येणार हे सांगायला नको. पीएचे पीए पण असतील.

सेक्टर_सतरा:

म्हणून सिम व्यक्तीच्या नावे नको, पदाच्या नावे आणि ड्यूटीच्या हँडसेटमध्ये. पाळी बदलली की हँडसेट पुढच्याच्या हातात.

स्प्लाइस_मशीन:

आता पुलावर या. वर 'लाइन जोडणं' असा शब्द सगळे सहज वापरतायत. केबलच्या चेंबरमध्ये (खड्ड्यात) बसलेल्या माणसासमोर लाइन नसते, ९६ कोरची (फायबरच्या ९६ धाग्यांची) केबल असते.

आधी तूट शोधणं. ओटीडीआर (प्रकाश सोडून तुटीचं अंतर मोजणारं यंत्र) ४.३ किलोमीटर दाखवतो म्हणजे रस्त्याने ४.३ नव्हे. दर चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटरचा लूप ठेवलेला असतो, आणि केबलमधलं फायबर केबलपेक्षा टक्का-दोन टक्के लांब असतं. दहा चेंबर असतील तर दीडशे मीटर लूपचे आणि पन्नासेक मीटर त्या वाढीचे वजा करा, चार-सव्वाचारच्या दरम्यान जाऊन शोधा. दोन्ही टोकांकडून मारा. एकाच बाजूने मारलं तर पहिली तूट जोडून होते आणि मग पुढे दुसरी आहे हे कळतं.

मग हिशोब. पुलावर केबल ताणून तुटली तर टोकाला टोक पोचत नाही, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे जॉइंट एक नव्हे, दोन. ९६ कोरचे १९२ स्प्लाइस. सोलणं, पुसणं, क्लीव्ह (टोक सरळ कापणं), आर्क (वितळवून जोडणं), स्लीव्ह तापवणं धरून एकाला पाच मिनिटं, तासाला बारा. एका मशीनवर सोळा तास, दोन्ही जॉइंटवर एकेक टीम बसवली तर आठ. केबलचं आवरण काढणं, जेली पुसणं, क्लोजर (जॉइंटवरची पेटी) लावणं वेगळं.

म्हणून क्रम केबलच्या आत हवा. बारा-बारा कोरच्या आठ ट्यूब असतात, निळी, नारिंगी, हिरवी, ब्राउन अशा ठरलेल्या क्रमाने. डीडब्ल्यूडीएमची (एकाच धाग्यातून अनेक रंगांचा प्रकाश पाठवणाऱ्या यंत्रणेची) एक जोडी म्हणजे दोन कोर, त्यावर चाळीस-ऐंशी चॅनल, प्रत्येक १०० गिगाबिटचा. एखाद्या सोसायटीचं ब्रॉडबँडही दोन कोरच घेतं. चेंबरमध्ये दोन्ही सारखेच दिसतात! वरून सांगणारा नसेल तर माणूस निळ्यापासून सुरू करतो, आणि कंपनीची मुख्य जोडी सातव्या ट्यूबमध्ये असली तर ती सातव्या तासाला येते.

यावर साधा उपाय आहे. महत्त्वाचे सर्किट कुठल्या ट्यूबमध्ये आहेत ते शोधत बसू नका. दोन्ही टीमनी निळी ट्यूब जोडायची, तासाभरात बारा कोर मिळतात. तोवर दोन्ही टोकांच्या ओडीएफवर (केबलचे धागे जिथे पोर्टवर येतात त्या चौकटीवर) एकेक माणूस उभा करायचा. त्यांनी आपापल्या बाजूला यादीतल्या वरच्या सहा जोड्यांचे पॅचकॉर्ड काढून निळ्या ट्यूबच्या पोर्टवर लावायचे. निळीतले नेहमीचे ग्राहक तेवढा वेळ बाजूला. दोन्ही टोकांना एकच छापील तक्ता हवा, नाहीतर इकडे पोर्ट ३ आणि तिकडे पोर्ट ५. लेझर पेनने खात्री करून मगच ट्रान्समिशन विभागाला सांगायचं.

स्प्लाइस लॉस ०.१ डीबीच्या आत हवा, हा एरवीचा नियम. आणीबाणीत ०.३ आला आणि लिंक बजेटमध्ये (एकूण चालण्याजोग्या घटीत) बसत असेल तर पुढच्या कोरकडे जा. नंतर निवांत सुधारता येतो. क्लोजरच्या सीलमध्ये मात्र घाई नको. खाडीवरच्या चेंबरमध्ये भरतीला खारं पाणी चढतं, दोन महिन्यांनी तोच जॉइंट पुन्हा उघडावा लागतो.

खाडीपूल:

स्प्लाइस दादा, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

माझा मुद्दा दुसऱ्या मार्गाचा. ठाण्याहून नवी मुंबईत जायला पूल मोजकेच: कळवा-विटावा मार्ग, मुलुंडकडून ऐरोली पूल, खाली वाशीचा खाडीपूल. आता अटल सेतू आहे, पण तो ठाण्याच्या कामाचा नाही. संस्था दोन कंपन्यांकडून दोन लाइनी घेतात आणि निर्धास्त होतात. दोन्ही कंपन्यांनी एकाच तिसऱ्या कंपनीची डार्क फायबर (टाकलेली पण न वापरलेली) भाड्याने घेतलेली असते आणि दोन्ही एकाच डक्टमधून पूल ओलांडतात. करारात 'वेगळा मार्ग' लिहून भागत नाही. केएमझेड नकाशा (गूगल अर्थवर उघडणारी फाइल) मागा, पूल आणि रेल्वे क्रॉसिंगपाशी दोन्ही रेषा मोठ्या करून बघा. देत नसतील तर वेगळा मार्ग नाही असं समजा आणि ते सर्किट एक स्तर वर घ्या.

११२ ला हाच नियम लावा. राज्याचं प्राथमिक केंद्र महापेला, दुय्यम नागपूरला. ठाण्यातून लागलेला कॉल महापेला जातो आणि तिथून ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या यंत्रणेत परततो. पूल तुटले तर कॉल नागपूरला वळवता येईल, पण नागपूरहून ठाण्याच्या गाडीपर्यंतचा दुवा पुन्हा महापेतूनच जात असेल तर वळवून काय उपयोग? उचलणारा आहे, पाठवणारा नाही. म्हणून स्तर दोनमध्ये दोन वेगळ्या ओळी हव्यात: कॉल येण्याची आणि गाडी पाठवण्याची.

भरतीचं_पाणी:

तिसऱ्या स्तराला माझा आक्षेप आहे. नवी मुंबईत क्रम घड्याळावर अवलंबून असतो. वाशी, बेलापूरचे सखल भाग भरतीच्या पातळीखाली आहेत. धारण तलाव (पावसाचं पाणी साठवणारे) आणि उघड-झापीची दारं (भरतीला आपोआप मिटणारी) यांच्यावर सगळं चालतं. जुलैत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर पंपिंग स्टेशनची लाइन त्या सहा तासांपुरती दुसऱ्या स्तरावर हवी. ओहोटी लागली की पुन्हा खाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही भरतीच्या वेळेने पाणी अडवलं होतं.

उलट मोरबे धरण ते भोकरपाडा जलशुद्धीकरण केंद्र या मार्गावरचा स्काडा खुशाल खाली ढकला. तिथे माणूस असतो, व्हॉल्व्ह हाताने फिरतो, पाच वॉटचा व्हीएचएफ संच आणि एक रिपीटर पुरतो. धरणातून विसर्ग सोडायचा इशारा खालच्या गावांना देणारी लाइन मात्र वर.

विटावा_गेट:

हे घेतो. यादीत 'हंगामी स्तर' असा रकाना, आणि भरतीचं वेळापत्रक सोबत टाचलेलं.

सेक्टर_सतरा:

बँका चौथ्या स्तरावर हे पहिल्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी नाही. ऐरोली, रबाळे, महापेच्या डेटा सेंटरमधून देशभराचे व्यवहार जातात. खिशात रोकड न ठेवणारं शहर तिसऱ्या दिवशी किराणा दुकानासमोर भांडायला लागतं. पण सगळ्या डेटा सेंटरला वर घेतलं तर यादी फुगते. मला उत्तर सापडलेलं नाही.

ऐरोली_२२०:

डेटा सेंटरचा जनरेटर साठा साधारण ४८ तासांचा धरून बांधतात. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत त्यांना लाइनपेक्षा डिझेलच्या टँकरचा रस्ता मोकळा हवा. फायबरचा प्रश्न पुलापाशी येतो, आणि डीडब्ल्यूडीएमच्या जोड्या निळ्या ट्यूबवर आल्या की त्यात त्यांचंही बरंचसं सुटतं. वेगळा स्तर द्यायची गरज नाही.

सेक्टर_सतरा:

अर्धंच पटलं. असो.

खाडीपूल:

उपग्रह फोनबद्दल कुणी विचारण्याआधीच: आपल्याकडे बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा चालतो. थुराया, इरिडियम परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. मोकळं आकाश लागतं, तळघरातल्या नियंत्रण कक्षात तो खेळणं आहे. बाहेरचा अँटेना आणि केबल आधीच ओढून ठेवा.

कोर्टनाका:

यादीवर सही कुणाची? नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात. पनवेल, खारघर, उरण रायगडात, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे एकच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दोन प्राधिकरणांनी दोन याद्या केल्या आणि दोन्हींत पहिल्या ओळी वेगळ्या निघाल्या तर पुलावरची टीम कुणाचं ऐकणार? त्यात भर म्हणजे ठाणे, नवी मुंबईच्या जुन्या तांब्याच्या लाइनी एमटीएनएलच्या हद्दीतल्या आणि कल्याण-डोंबिवली बीएसएनएलकडे.

विटावा_गेट:

यादी केबलनुसार करायची, जिल्ह्यानुसार नाही. ऐरोली पुलावरच्या केबलची एक यादी, तिच्यावर ज्यांचे सर्किट आहेत त्या सगळ्या प्राधिकरणांच्या सह्या. पहिल्या स्तरात बारा कोरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, एका ट्यूबमध्ये बसेल तेवढंच. तेराव्याला घ्यायचं तर बारातला एक खाली. भांडण सह्यांच्या वेळी होऊ दे, पुलावर नको.

प्रत्येक ओळीत हवं ते: सर्किट क्रमांक (कंपनीचा, ग्राहकाचा नाही), दोन्ही टोकांचे ओडीएफ पोर्ट, ट्यूब आणि कोर, स्तर, हंगामी स्तर, पर्यायी मार्ग, आणि दोन्ही टोकांना चोवीस तास उचलला जाणारा फोन. कागदावर, लॅमिनेट करून, दोन्ही ओडीएफ खोल्यांत आणि टीमच्या गाडीत. सर्व्हरवरची प्रत चालेल, पण ती असल्याचं समाधान मानू नका.

स्प्लाइस_मशीन:

एक भर. यादी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा तपासा. नुसती वाचू नका, ओडीएफवर जाऊन पोर्ट जुळवा. नियंत्रण कक्ष ई१ (जुन्या पद्धतीची डिजिटल लाइन) वरून एसआयपीवर (इंटरनेट पद्धतीच्या फोनवर) जातो, नवं सर्किट नव्या क्रमांकाने लागतं, आणि पहिला स्तर जुन्या तांब्याच्या जोडीला चिकटून राहतो. मग टीम दोन तास घालवून अशी लाइन उभी करते जिच्या दुसऱ्या टोकाला फोनच नाही. सर्किट बदलण्याच्या अर्जातच 'अग्रक्रम स्तर नव्या क्रमांकावर नेला का' ही ओळ छापून घ्या, आणि तिच्यावर खूण नसेल तर जुनं सर्किट बंद करायचं नाही.